रेवतीची टाकी

समुद्रकाठच्या एका गावात जयवंत खवणेकर नावाचा पाणबुड्या राहत असे. पर्यटकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून तो त्यांना पाण्याखालचे प्रवाळ दाखवी. त्याच्याकडे काही टाक्या पोलादी होत्या, जुन्या, रंग उडालेल्या. काही अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या, चकचकीत.

अशा टाकीत हवा प्रचंड दाबाने भरतात. टाकी कमकुवत असेल तर ती बॉम्बसारखी फुटते. म्हणून ठरावीक मुदतीने ती शहरात पाठवून तपासून घ्यावी लागते. त्या वर्षी मुदत संपली ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर. सगळ्याच टाक्या पाठवल्या तर ऐन सुट्टीत धंदा बंद. जयवंतने विचार केला, 'गंजते ते पोलाद. अ‍ॅल्युमिनियमला काय होणार?' त्याने पोलादी टाक्या तेवढ्या पाठवल्या. आतला किरकोळ गंज काढून त्या पास होऊन आल्या.

सुट्टी लागली. किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी झाली. जयवंतची मुलगी रेवती कॉलेजातून घरी आली होती. पाण्यात उतरायला म्हणून तिने हाताशी आलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी उचलली.

"ती नको गो," जयवंत पटकन म्हणाला. "ही पोलादी घे."

"एवढी जुनी? का?"

"ही तपासलेली आहे."

रेवतीने हातातली टाकी खाली ठेवली. समोर एक बाई आपल्या मुलाला पोहण्याचा चष्मा लावून देत होती. तिकडे पाहत रेवतीने विचारले, "मग ही कोणाच्या पाठीवर बांधणार होता, बाबा?"

जयवंतने शरमेने ती टाकी उचलून बाजूला ठेवली. मग तो पर्यटकांना म्हणाला, "पुरेशा तपासलेल्या टाक्या नाहीत. निम्म्याच लोकांना आज नेता येईल." बरेच जण कुरकुरत शेजारच्या बोटीकडे गेले. त्याच दुपारी अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या टेम्पोत चढल्या.

चार दिवसांनी तपासनिसाचा फोन आला. "बाकीच्या ठीक आहेत. एकीच्या मानेला आतून तडा गेलाय. पुढच्या कुठल्या भरण्याला फुटली असती कोण जाणे. पुन्हा कोणी भरू नये म्हणून कापून टाकू का?"

"कापा," जयवंत म्हणाला.

तात्पर्य: जी वस्तू आपल्या लेकराला द्यायला मन धजत नाही, ती परक्याच्या लेकराला देऊ नये.