बेडकुलीचा पाइप कोणता?

एक होती बेडकुली. बोराएवढी.
परसात होता एक नळ. नळ गळायचा. टप टप टप!
नळाखाली एवढंसं डबकं. त्यात राहायची बेडकुली. डुबुक आत! डुबुक बाहेर!

एक दिवस टप टप थांबलं. डबकं सुकलं.
बेडकुलीला आला राग. गाल फुगले. पोट फुगलं.
"डराव! माझं पाणी कुणी नेलं?"

घरामागच्या भिंतीवर तीन पाइप. तिन्ही जुने. तिन्ही गंजलेले. तिन्ही सारखे!
तिथे होते नारूकाका, नळ दुरुस्त करणारे. त्यांनीच सगळ्या चाव्या बंद केल्या होत्या.

बेडकुली गेली टुणुक टुणुक.
"काका, काका, चावी फिरवा! माझं डबकं भरेना!"
काका म्हणाले, "एक पाइप फुटलाय. कुठला, कसं कळणार? पाइपांवर नावंच नाहीत. आत्या नावं लिहू दे, मग फिरवतो."
"डराव!" बेडकुली चिडली.

गेली इंदूआत्याकडे, टुणुक टुणुक. आत्या पाटीवर रंग देत होती.
"आत्या, आत्या, नावं लिही! काका चावी फिरवेनात. माझं डबकं भरेना!"
आत्या म्हणाली, "लिहिते की! पण कुठल्या पाइपावर काय लिहू? तात्या ओळखू देत, मग लिहिते."
"डराव! डराव!" बेडकुली आणखी चिडली.

गेली तात्यांकडे, टुणुक टुणुक. घरातले पाइप तात्यांनीच बसवले होते, फार फार वर्षांपूर्वी.
"तात्या, तात्या, पाइप ओळखा! आत्या नावं लिहीना. काका चावी फिरवेनात. माझं डबकं भरेना!"
तात्या म्हणाले, "ओळखतो की! पण चष्म्याशिवाय दिसत नाही गं. चष्म्यावर बसलीय भुरी मांजर. ती उठू दे, मग ओळखतो."
"डराव! डराव! डराव!" बेडकुली लालबुंद झाली.

गेली भुरीकडे, टुणुक टुणुक.
"भुरी, भुरी, ऊठ! तात्या पाइप ओळखेनात. आत्या नावं लिहीना. काका चावी फिरवेनात. माझं डबकं भरेना!"
भुरीने एक डोळा उघडला. "उठते की! पण माझी वाटी कोरडी आहे. आधी पाणी आण, मग उठते."

पाणी?
पाणी!
"अगं, पाणीच तर मागतेय मी सगळ्यांना!"
बेडकुली फुगली. फुगली. फुगली. लिंबाएवढी झाली!
आणि टुण्णकन उडाली. थेट भुरीच्या नाकावर! गार गार, गिळगिळीत!
"म्याँव!" भुरी पळाली.

भुरी उठली, चष्मा मिळाला.
चष्मा मिळाला, तात्या आले. पाइप पाहिले. काठीने वाजवले. टण टण! टण टण!
"हा मोरीचा. हा स्वयंपाकघराचा, फुटलाय तो हाच! आणि हा जातो परसात."
तात्यांनी ओळखलं, आत्याने लिहिलं. पांढऱ्या रंगाने, मोठ्या अक्षरांत. एकावर 'मोरी'. एकावर 'स्वयंपाकघर'.
तिसऱ्यापाशी आत्या थांबली. बेडकुलीकडे पाहिलं. आणि लिहिलं, 'बेडकुली'.
आत्याने लिहिलं, काकांनी चावी फिरवली. कर्र कर्र! घुर्र घुर्र!
टप.
टप टप.
टप टप टप!

डबकं भरलं. भुरी हळूच आली. लप लप पाणी प्यायली. बेडकुलीने डोळे वटारले. "पी. पण पुन्हा चष्म्यावर बसलीस तर बघ!"
काका म्हणाले, "अरेच्चा, हा नळ गळतोय. घट्ट करू का?"
"डराव!"
"बरं बाई, बरं! राहू दे."
आणि बेडकुलीने मारली उडी.
डुबुक!