दोन पावले मागे

एका राज्यात राजकन्येने जमिनीवर पाऊल टाकायचे नाही, अशी आज्ञा होती. तिच्या बारशाला एका मांत्रिकाला बोलवायचे राहिले आणि रागावून तो शाप देऊन गेला, "सोळावे वर्ष सरेल त्या सूर्यास्ताला हिचे पाय दगडाचे होतील. त्याआधी सखीच्या सोबतीने नदीकाठाने उगमापर्यंत चालली, तरच सुटका." आणि राजा एवढा शहाणा, की भीतीपोटी पोरीला पालखीतून उतरूच देईना. आता बोला!

शेवटच्या दिवशी राजकन्या पद्मावळ पहाटेच निसटली. बरोबर तिची सखी, नावाड्याची लेक गोजरा. काय तो आनंद! ओल्या वाळूत तळवे रुतले तशी पद्मावळ खुदकन हसली. दोघींनी ओढा ओलांडला, करवंदीच्या जाळीतून वाट काढली, निसरडा खडक पार केला. तिन्ही अडथळे सरले, पण उन्हे कलली तशी पद्मावळच्या पायाची बोटे दगडाची झाली, मग टाचा.

उंबरावरचा खंड्या पक्षी बोलला, "राजकन्ये, एकटी का चालतेस?"

"एकटी कुठे? गोजरा आहे की."

"ती दोन पावले मागे आहे. मागे चालते ती दासी, सोबतीण नव्हे."

पद्मावळ वळली. खरेच, गोजरा दिवसभर मागेच होती. राजघराण्याची रीतच तशी. बरोबरीने चालेल तिला देशोधडीला लावत.

"गोजरा, पुढे ये."

"बाईसाहेब, माझ्या म्हाताऱ्या बापाला कोण बघेल?"

आपल्यापायी सखी देशोधडीला लागावी, हे पद्मावळला नको होते. सूर्य डोंगराला टेकला. गोजराने नदीकडे पाहिले, पदर खोचला आणि शेजारी येऊन तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"चल गं. पुढचे पुढे."

दोघी धावत सुटल्या. पद्मावळच्या दगडी टाचा खडकांवर खणखणत होत्या. उगमाच्या कुंडापाशी पोचल्या आणि पद्मावळ मटकन खाली बसली. तिच्या तळव्यात बाभळीचा काटा रुतला होता, आणि रक्ताचा थेंब आला होता.

"दुखतंय," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "गोजरा, दुखतंय गं," आणि हसता हसता रडू लागली.

मागून राजा घोडदौड करीत आला. पाहतो तो गोजरा मांडीवर राजकन्येचा पाय घेऊन काटा काढते आहे. त्याने ती आज्ञा तिथेच मोडीत काढली, मागे चालायची रीतही मोडीत काढली, आणि घोड्यावरून उतरून तो पायीच घरी निघाला.