न झालेला अपघात

हौसाला वाटलं होतं, दूरदेशी शिकून आल्यावर राजा आपल्याला मानाने कामावर घेईल. घडलं भलतंच! अख्खा दरबार खो खो हसला.

"कामावर माणसं जखमी होऊ नयेत, एवढंच बघायचं? ही काय नोकरी झाली?" राजा हट्टसेनाने विचारलं.

"झाली की, महाराज! माझे बाबा गवंडी आहेत. ज्या परांचीवर चढून ते नवं देऊळ बांधतात, तिचे दोर कुजलेत. कुणी वरून पडलं तर?"

"पडलं तर वैद्य आहे! तो हाडं सांधतो, ते दिसतं तरी. तू टाळलेला एक अपघात दाखव, मग नोकरी! नाहीतर पुन्हा परांचीचं नाव काढायचं नाही."

बाबांनी कपाळाला हात लावला. "न झालेला अपघात दाखवणार कसा? पोरी, तू आपली दूरदेशी परत जा."

"आणि तुम्ही त्या दोरांवर चढणार? मुळीच नाही!"

हौसाने तडक हत्तीखाना गाठला आणि माहुताशी गोड बोलून जाडजूड दोर आणले. देवळाला दोन परांच्या होत्या. बाबांच्या मदतीने तिने उजवीकडची नव्याने बांधली. डावीकडची मुद्दाम तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी कळस बसवायचा होता. रिवाजच होता, राजाने स्वतः वर चढून तो बसवायचा. वाजंत्री वाजली. हट्टसेन डावीकडे निघाला. हौसाने तिथला दोर नुसता चिमटीत धरला, तर त्याचा भुगा झाला!

राजा थबकला. "आणि ती दुसरी?"

"हत्तीच्या दोरांनी बांधलीय."

"माझ्या हत्तीच्या? विचारलंस कुणाला?"

"हत्तीला! तो नाही म्हणाला नाही."

राजा गुपचूप उजवीकडून चढला आणि कळस बसवून धडधाकट खाली उतरला.

"महाराज, डावीकडून का नाही चढलात?"

"वेडी की काय! कंबरडं मोडलं असतं माझं!"

"मग मोडलं का?"

"छे! हा काय उभा आहे!"

"हाच तो न झालेला अपघात! आणि साक्षीदार खुद्द महाराज!"

राजा पोट धरून हसला. त्याने हातातलं सोन्याचं कडं तिला दिलं. "सगळे दोर बदला! आजपासून ही आमची सुरक्षा अधिकारी!"

पुढच्या सकाळी राजा दरबारात आला, तर सिंहासनाभोवती दोर बांधलेला! हौसाने वर बोट दाखवलं. बरोबर वरचं अवजड झुंबर जुन्याच दोराला लटकत होतं.

"तो बदलेपर्यंत महाराजांनी सतरंजीवर बसायचं, असं मी आज सकाळी ठरवलंय."

"राजा सतरंजीवर?"

"मग बसा वर. पडलं तर वैद्य आहेच!"

हट्टसेन हसत हसत सतरंजीवर बसला.