वस्तादांची मूत्रपिंडे

एकदा एक तरुण डॉक्टर यकृत-प्रत्यारोपणानंतरच्या उपचारांची विद्या शिकण्यासाठी एका वृद्ध गुरूंकडे राहिली होती. तिचे नाव मृण्मयी. गुरू डॉ. चौबळ मितभाषी होते. रुग्णाला प्रश्न विचारला की त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत ते मध्ये शब्द बोलत नसत.

एके दिवशी कोल्हापूरकडचे हिंदुराव वस्ताद पत्नीसह तपासणीला आले. तालमीत मुले घडवणारा हा गृहस्थ वर्षापूर्वी मरणाच्या दारातून परतला होता. पत्नी शालनताईंनी आपल्या यकृताचा मोठा भाग त्यांना दिला होता. शरीराने ते यकृत परके म्हणून नाकारू नये, यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी गोळी तेव्हापासून चालू होती. अहवाल पाहून मृण्मयी हरखली. यकृत उत्तम चालले होते.

चौबळांनी विचारले, "वस्ताद, गुडघा कसा आहे?"

"दुखतोय की. पण दुकानातनं गोळी आणतो, तेवढ्यावर भागतंय."

"ती गोळी आजपासून बंद. गुडघ्यासाठी दुसरा उपाय देतो." मग त्यांनी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचीही मात्रा कमी केली, जोडीला त्याच कामाचे वेगळे औषध दिले आणि दर आठवड्याला रक्त तपासायला बोलावले.

शालनताई उठून उभ्या राहिल्या. "डॉक्टरसाहेब, माझा जीव काढून ह्यांच्या पोटात घातलाय. आता औषध कमी करून त्यो वाया घालवू नका."

मृण्मयीलाही राहवले नाही. "सर, ज्या गोळीने यकृत टिकले, तीच कमी करायची?"

चौबळांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "यकृताचे आकडे पाहून आपण सारे आनंदलो. खालचे, मूत्रपिंडांची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन पाहिलेस? प्रत्येक खेपेला थोडे चढले आहे. मर्यादेच्या आतच आहे, म्हणून कोणी बोलले नाही. जी गोळी यकृत राखते, तीच मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आवळते. त्यात वेदनाशामकांची भर. मूत्रपिंड दुखत नाही, तक्रार करत नाही. ते तक्रार करू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो." मग ते शालनताईंकडे वळले. "ताई, तुम्ही यकृत कशासाठी दिलेत?"

"ह्यांनी जगावं म्हणून."

"मलाही नुसते यकृत जगवायचे नाही. वस्ताद जगवायचे आहेत."

शालनताई खाली बसल्या. "बरं, तुम्ही म्हणाल तसं. पण काही उलटं झालं तर मला सांगायचं. लपवायचं नाही."

"लपवणार नाही. आणि तुम्हीही घरी आपल्या मनाने गोळी कमीजास्त करायची नाही."

काही आठवड्यांनी यकृताचे आकडे खरोखरच थोडे चढले; शरीर यकृत नाकारू लागल्याची ती खूण असू शकत होती. मृण्मयी अहवाल घेऊन चौबळांकडे धावली. "सर, जुनी मात्रा सुरू करू?"

"आधी ताईंना फोन लाव," चौबळ म्हणाले. फोनवर त्यांनी स्वतःच सांगितले, "आकडे वाढले आहेत. उद्या सकाळी वस्तादांना घेऊन या." दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतले, औषधाची रक्तातली पातळी तपासली आणि जोडीचे औषध किंचित वाढवले. जुनी मात्रा त्यांनी परत आणली नाही. शालनताई दवाखान्याच्या बाकावर देवाचे नाव घेत बसून होत्या. पुढच्या तपासण्यांत यकृत स्थिरावले. क्रिएटिनिनची चढणही थांबली. जे नुकसान झाले होते ते सारे भरून निघाले नाही, पण त्यापुढचे टळले. वस्ताद पुन्हा तालमीत जाऊन पोरांना डाव सांगू लागले.

एकदा मृण्मयीने धीर करून विचारले, "सर, मात्रा कमी करताना तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," वृद्ध हसले. "म्हणून तर दर आठवड्याला बोलावले."

पुढच्या रुग्णाचा अहवाल तिने हाती घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला.

एक वाचले या आनंदात, त्याचा भार दुसरे कोण मुकाट्याने वाहते आहे, हे आपणही कधी थांबून पाहावे.