गटाराच्या पाण्याचा जव

फार मागे वेणुमती नगरात सुबाहू राजा गादीवर होता, तेव्हा बोधिसत्त्व गटारं उपसणाऱ्याच्या घरी जन्मले. नगरातल्या न्हाण्यांचं, धुण्याभांड्यांचं पाणी ते वेशीबाहेर तीन खड्ड्यांतून नेत. पहिल्यात गाळ बसे, दुसऱ्यात वाळू होती, तिसऱ्यात लव्हाळं माजलेलं. तिथून निघणाऱ्या पाण्यावर त्यांचा जव पिके.

पलीकडच्या गावात विहिरींची चुरस लागली होती. एकानं विहीर दोन पुरुष खोल नेली की शेजाऱ्याची आटे. मग तो तीन पुरुष खोल जाई. अक्कल कुणालाच नव्हती. गावचा प्रमुख सुमुख, तो सगळ्यांत खोल गेला होता.

बोधिसत्त्व त्याला म्हणाले, "मालक, चर खणा. माझं पाणी शेतांना घ्या. विहिरींना जरा दम खाऊ द्या, भरतील."

"मोरीचं पाणी माझ्या देवाच्या नैवेद्यात? चालता हो."

पुढं दोन वर्षं पाऊस आला नाही. नगर राजाच्या तलावावर तगलं, गावात मात्र विहिरींचे तळ दिसले. गुरं मेली, मग म्हातारी माणसं. सुमुखाची सून उत्पला बाळंतीण होती, तिला दूध येईना. तेव्हा सुमुख जवाच्या शेताशी आला आणि बांधावरच थांबला.

"जव देतोस?"

"न्या की. आहे तेवढा न्या."

"एक कर. चार माणसांत सांग, हा विहिरीच्या पाण्यावरचा आहे. मग गाव खाईल."

बोधिसत्त्वांनी मनात तोलून पाहिलं. खोटं बोललं तर आज पोटं भरतील. पण हीच माणसं उद्या म्हणतील, विहिरींत अजून पाणी आहे, आणि पुन्हा खाली खणत सुटतील.

"तसं नाही सांगणार. जव गटाराच्या पाण्याचा आहे. माझी पोरं खातात. तुम्हीही खा."

"अरे, माझा नातू मरेल तिकडं!"

"म्हणून तर म्हणतोय, न्या."

सुमुख रिकाम्या हातानं वळला. मागून उत्पला आली होती. तिनं पदर पसरून जव घेतला आणि उभ्या उभ्या दाणे चावू लागली.

"मामंजी, तुमचा देव तुम्ही सांभाळा," ती म्हणाली.

गावानं मात्र प्रमुखाच्या तोंडाकडे पाहिलं. जव न्यायला दुसरं कुणी आलं नाही. आठवड्यात सात पोरं गेली.

सुमुख कुदळ घेऊन विहिरीत उतरला. "पाणी काढूनच वर येतो," म्हणाला. कोरडी कड ढासळली ती त्याच्या अंगावर. बोधिसत्त्वांनी आपली माणसं आणली. गाळ उपसायची त्यांना सवय. त्यांनी सुमुखाला बाहेर काढलं, पण तो मेलेला होता. नाकातोंडात माती.

प्रेताला अंघोळ घालायला गावात घागरभर पाणी नव्हतं. शेवटी उत्पला उठली आणि लव्हाळ्याच्या खड्ड्यावरून घागर भरून आणली. त्याच पाण्यानं सुमुखाला न्हाऊ घातलं. पुरोहित दुसरीकडे बघत मंत्र म्हणत होता.

दुसऱ्या सकाळी सगळं गाव चर खणायला आलं.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, त्या जन्मीचा सुमुख म्हणजे कुणाच्या हातची भिक्षा घ्यायची यावर इथं रोज भांडणारा मल्लक भिक्खू. उत्पला म्हणजे तुमच्या पात्रात भात वाढणारी ती म्हातारी उपासिका. गटारं उपसणारा मी. त्या सात पोरांचं ओझं मी जन्मभर वाहिलं, पण खोटं बोललो नाही. याला सत्यपारमी, म्हणजे सत्याची पूर्णता, म्हणतात."