सुगरणीचा झुंजार

एका गावात एक सुगरण राहायची आणि साऱ्या गावाला तिची भारी धास्ती होती. तिच्या पंगतीला बसलेला माणूस आपल्या पायांनी घरी गेला, असं कधी घडलंच नाही. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात ती दोन लाडू जास्त वाढायची आणि वर आपली शपथ घालायची.

हळूहळू पाहुणे मागच्या गल्लीतून जाऊ लागले. मग सगळा आग्रह आला तिच्या कुत्र्यावर. त्याचं नाव झुंजार. नावाला जागून तो भुंकायचाही, पण पडल्या पडल्या. सकाळी कूस बदलायला घेतली की संध्याकाळी बदलून व्हायची. शेजारची मांजर पिल्लांसकट त्याच्या पोटावर दुपारची झोप काढायची.

एके दिवशी तो उठेचना. घशात घरघर, डोळे पांढरे. गावाबाहेरच्या शेतात एका म्हाताऱ्या धनगरानं मेंढरं बसवली होती. त्याला जनावरांचं कळतं, म्हणून झुंजारला बैलगाडीत घालून सुगरण तिकडे धावली.

धनगरानं पोट चाचपलं. “बाई, ह्याला रोग न्हाई. ह्याला तुमी झालाय. म्हैनाभर हितं ऱ्हाऊ द्या. मेंढरांमागं चालंल, सांजला अर्धी भाकर खाईल.”

“कोरडी? तूप न लावता?”

“तूप गाडीच्या चाकाला लावा. येताना लई कुरकुरत हुतं.”

चौथ्या दिवशी सुगरणीला राहवेना. लाडवांचा डबा घेऊन ती शेतावर गेली. तिला पाहून झुंजार कुंईकुंई करू लागला. तिचा हात झाकणावर गेला.

“द्या की,” धनगर म्हणाला. “कुत्रं तुमचं हाय. पर लाडू दिला, तर संगं घिऊन जा. मग माती द्यायलाबी मलाच बोलवा.”

ती डब्याकडे बघे, झुंजारकडे बघे. आणि एकदम तिच्या ध्यानात आलं, तो उभा होता! कुणी न उठवता, चारही पायांवर. तिनं डबा पदराखाली घेतला, तोंड फिरवलं आणि वाटभर रडत घरी आली.

महिना सरला. एका सकाळी कुंपणावरून काहीतरी झेपावलं आणि तिला अंगणात लोळवूनच थांबलं. आपण हसतोय की रडतोय, हे तिचं तिलाच कळेना. मागून काठी टेकत धनगर आला. तिनं त्याचे पाय धरले.

“आज इथंच जेवायचं, बाबा.”

धनगर दोन पोळ्या जेवला. तिसरीला त्यानं पानावर आडवा हात धरला. खिडकीशी जमलेल्या गावाचा श्वास अडकला. सुगरणीनं पोळी टोपलीत परत ठेवली आणि हात जोडले.

“पोट भरलं ना, बाबा? मग माझंही भरलं.”

तात्पर्य: वाढणाऱ्या हाताची माया मोठी खरी, पण वेळेवर आवरलेल्या हाताची त्याहून मोठी.