खोक्यातलं साउंड कार्ड

निवृत्त शिक्षिका मालिनीबाई अंधशाळेतल्या मुलांसाठी धडे वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत. पण रेकॉर्डिंगमध्ये सारखी घरघर यायची. विश्वस्त कर्णिकसाहेबांनी फर्मान काढलं, "कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरच्या मूळच्या सोयीतून आवाज असाच येणार! वेगळं साउंड कार्ड बसवल्याशिवाय एक ओळही वाचायची नाही." परीक्षा तोंडावर आलेली, मुलं रोज धडे मागत होती. बाईंचा जीव तुटत होता.

अखेर साहेब कार्ड घेऊन आले आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शाहीनच्या हवाली करून चहाला गेले. शाहीनने जरा हलवाहलव केली आणि बाईंकडून एक पान वाचून घेतलं. साहेब परतताच तिने हेडफोन त्यांच्या कानांना लावला.

"वा! याला म्हणतात कार्ड!"

शाहीनने सीलबंद खोकं त्यांच्यापुढे धरलं. "भारीच आहे, साहेब. खोक्यात बसून एवढं छान वाजतंय, मग बाहेर काढायचं कशाला? मी फक्त माइक कॉम्प्युटरच्या पंख्याजवळून लांब हलवला."

साहेब ओशाळले, मग स्वतःच हसत म्हणाले, "वाचा बाई, वाचा!"

मालिनीबाईंनी शाहीनचे दोन्ही हात घट्ट धरले. "पोरी, माझी मुलं तुला दुवा देतील," म्हणत त्या माइकपुढे बसल्या. संध्याकाळपर्यंत तीन धडे मुलांच्या कानी पोचले होते.